अठ्ठावीस सांध्यांचा दिवस

सकाळी ७

संधिवाताच्या दवाखान्यातली लॅब जरा उशिरा उघडायला हवी, हे माझं जुनं मत आहे. ज्यांचे सांधे पहाटे सगळ्यात जास्त आखडलेले असतात, त्यांनाच आपण सातला रांगेत उभं करतो. पण पुण्यात दाखवायला येणारे अर्धेअधिक बाहेरगावचे. कोणी बार्शीहून रात्रीची एसटी धरून आलेलं, कोणी फलटणहून पहाटे निघालेलं. दुपारी डॉक्टरांना दाखवून संध्याकाळची गाडी गाठायची, तर रक्त सातलाच द्यायला हवं.

त्यातले निम्मे उपाशी असतात. ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी यांतल्या कशालाच उपाशी राहावं लागत नाही. फोनवर तसं सांगितलेलंही असतं. तरी ‘रक्त द्यायचं म्हणजे चहा नाही’ हा नियम घराघरांत पक्का बसलेला आहे. मग आधी त्यांना समोरच्या टपरीवर पाठवते. चहा-बिस्किट पोटात गेलं की मग सुई.

फॉर्मवर सही घेताना बरंच काही कळतं. आज एक मावशी पेन तर्जनी आणि मधल्या बोटात धरून सही करत होत्या, कारण अंगठा वाकत नव्हता. ‘सकाळी सांधे किती वेळ धरतात?’ या प्रश्नाला ‘धरतात जरा’ एवढंच उत्तर मिळतं. घड्याळ लावून कोण बसलंय? म्हणून मी दुसरंच विचारते.

“मावशी, उठता किती वाजता?”

“पाचला.”

“आणि भाकऱ्या थापायला कितीला बसता?”

“भाकऱ्या आता सून करती. माझ्यानं सातपर्यंत मूठ वळत न्हाई.”

हे मी फॉर्मच्या कडेला जसंच्या तसं लिहून ठेवते. तासाभराच्या पुढचा आखडलेपणा म्हणजे आत सूज आहे, असा साधारण हिशोब. इथे दोन तास झाले. अजून रक्ताचा थेंबही काढलेला नाही.

सव्वाआठ

पहिल्या फेरीच्या नळ्या लावल्या. जांभळ्या टोपणाच्या सीबीसीला, सायट्रेटच्या ईएसआरला, लाल टोपणाच्या सीरम सुटायला बाजूला.

ईएसआर म्हणजे या शाखेतली आजीबाई. वेस्टरग्रेन यांच्या पद्धतीने उभ्या नळीत रक्त भरायचं, टायमर लावायचा आणि एका तासात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते वाचायचं. शरीरात दाह असला की रक्तात फायब्रिनोजेनसारखी प्रथिनं वाढतात, पेशी एकमेकींना चिकटून थरांनी बसतात आणि भरभर खाली जातात. यापलीकडे त्यात काही जादू नाही. पण स्टँड जरा तिरका असला तरी आकडा फुगतो. नवीन मुलं हे पहिल्या आठवड्यात विसरतात आणि दुसऱ्या आठवड्यात शिकतात.

फुगण्याची दुसरी कारणंही आहेत. वय वाढलं की ईएसआर थोडा वाढतो. बायकांचा पुरुषांपेक्षा जास्त असतो. रक्त कमी असलं की आणखी वाढतो. आमच्याकडे येणाऱ्या बायकांत हिमोग्लोबिन नऊ-साडेनऊ असणं रोजचंच. त्यामुळे ईएसआर ४० दिसला की मी शेजारी सीबीसीचा कागद ठेवूनच तो वाचते. सीआरपी या बाबतीत सरळ. यकृतात तयार होतो, दाह पेटला की दिवसा-दोन दिवसांत चढतो आणि विझला की तितक्याच लवकर उतरतो. सांध्यांत आज काय चाललंय हे रक्तातून विचारायचं असेल, तर या दोघांना विचारावं.

पेशंटला मात्र या दोघांत रस नसतो. त्याला ‘तो मोठा टेस्ट’ हवा असतो.

दहा वाजता

तो मोठा टेस्ट म्हणजे अँटी-सीसीपी. आमच्याकडे तो एलायझा पद्धतीने होतो, म्हणून रोज लावत नाही. एका प्लेटमध्ये ९६ खाचा असतात. त्यातल्या काही कॅलिब्रेटर आणि कंट्रोलला जातातच, नमुने चार असोत की चाळीस. चार नमुन्यांसाठी प्लेट लावली तर किट वाया जातं. म्हणून नमुने साठवायचे आणि आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी एकदम लावायचे. आज तो दिवस.

सीरम शंभरपट पातळ करायचं आणि एकेका खाचेत सोडायचं. खाचेच्या तळाला सिट्रुलीन असलेले छोटे पेप्टाइड चिकटवलेले असतात. रक्तात त्यांच्याविरुद्धची प्रतिपिंडं असली तर ती तिथे धरून बसतात, बाकी सगळं धुऊन जातं. मग एन्झाइम लावलेलं दुसरं प्रतिपिंड, पुन्हा धुणं, मग रंगद्रव्य. हळूहळू काही खाचा निळ्या होत जातात. आम्ल टाकलं की निळं क्षणात पिवळं होतं आणि मशीन ४५० नॅनोमीटरवर तो पिवळेपणा मोजतं. या कामात धुणं सगळ्यात महत्त्वाचं. धुण्यात कसर राहिली की निगेटिव्ह माणूस पॉझिटिव्ह होतो. वॉशरची एक सुई चोंदली तरी अख्खी ओळ बिघडते. म्हणून प्लेट उलटी करून टिश्यूवर आपटताना मी कुणाशी बोलत नाही.

ही तपासणी फार जुनी नाही. आधी होता आरए फॅक्टर. १९४० साली नॉर्वेच्या एरिक वालर यांनी दाखवलं की काही संधिवाताच्या रुग्णांचं सीरम प्रतिपिंडं लावलेल्या मेंढीच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतं. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी रोझ यांना तेच पुन्हा सापडलं आणि रोझ-वालर टेस्ट रूढ झाली. पुढे १९५६ मध्ये मेंढीच्या पेशींच्या जागी लॅटेक्सचे कण आले. तालुक्याच्या कितीतरी लॅबमध्ये काचेच्या पट्टीवर अजूनही तीच लॅटेक्स टेस्ट होते आणि कागदावर फक्त ‘आरए पॉझिटिव्ह’ असा शिक्का येतो, आकडा नाही.

आरए फॅक्टरची अडचण अशी की तो संधिवाताखेरीज इतरत्रही निघतो. हिपॅटायटिस सी, टीबी, हृदयाच्या झडपांचा संसर्ग, शोग्रेन, आणि काहीही आजार नसलेली सत्तरीतली माणसं. चिकुनगुनियानंतरही काहींचा तात्पुरता पॉझिटिव्ह येतो. २००६ च्या साथीनंतर महाराष्ट्रात घरोघरी सांधे धरले आणि अनेकांच्या हाती असे शिक्के आले. त्यातल्या बहुतेकांना खरा संधिवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड, नव्हता. आजही पावसाळ्यानंतर ताप येऊन सांधे धरलेला माणूस आला, तर डॉक्टर आधी सहा आठवडे वाट पाहायला सांगतात ते यामुळेच.

१९९८ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेगेनच्या गटाने दाखवलं की ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांतली प्रतिपिंडं सिट्रुलीन असलेली प्रथिनं ओळखतात. आपल्या प्रथिनांतलं आर्जिनिन एका एन्झाइममुळे बदलून सिट्रुलीन होतं आणि काहींची प्रतिकारशक्ती या बदललेल्या प्रथिनाला परकं समजते. सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांत हा बदल जास्त होतो, हिरड्या पिकलेल्या असतील तर तिथेही. अँटी-सीसीपी आली आणि निदान पुष्कळ सोपं झालं. शंभर निरोगी माणसांत ती चार-पाच जणांतही क्वचितच पॉझिटिव्ह येते. सिट्रुलीन पहिल्यांदा कलिंगडातून वेगळं केलं होतं, हे कुणीतरी मोबाइलवर वाचलेलं असतं. मग उन्हाळ्यात हमखास विचारतात, कलिंगड खाल्लं तर चालेल का? खा. काही होत नाही.

साडेबारा

रिपोर्ट सुटायला लागले की फोन सुरू होतात.

“मॅडम, मागच्या वर्षी १८० होतं, आता २४० आलंय. आजार वाढला ना?”

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की उत्तर तोंडपाठ आहे. पहिला प्रश्न माझा: मागच्या वर्षीचा रिपोर्ट कुठला? सोलापूरचा. म्हणजे दुसरी लॅब, दुसरं किट. अँटी-सीसीपीच्या आकड्यामागे ‘युनिट’ लिहिलेलं असलं तरी सगळ्या कंपन्यांचं युनिट एक नाही. आमच्या किटवर २० च्या आत निगेटिव्ह. दुसऱ्या मशीनवर हीच रेघ १७ वर असते, तिसऱ्यावर आणखी खाली. काही मशीन एका मर्यादेपुढे मोजतच नाहीत, ‘५०० पेक्षा जास्त’ छापून मोकळी होतात. सोलापूरचे १८० आणि पुण्याचे २४० एका ओळीत लिहून वजाबाकी करता येत नाही.

दुसरं म्हणजे, एकाच किटवर केलं तरी फार काही कळत नाही. अमेरिका आणि युरोपच्या संधिवाततज्ज्ञांनी २०१० मध्ये मिळून जे निकष केले, त्यांत प्रतिपिंडांच्या तीनच पायऱ्या आहेत. नाही: शून्य गुण. वरच्या मर्यादेच्या तिप्पटीपर्यंत: दोन गुण. तिप्पटीच्या पुढे: तीन गुण. झालं. आमच्या किटवर ६१ आलं काय आणि ६१० आलं काय, निकषांच्या लेखी दोन्ही सारखंच. बाकीचे गुण सांध्यांची संख्या, ईएसआर-सीआरपी आणि सहा आठवड्यांची मुदत यांतून येतात. दहापैकी सहा झाले की ऱ्हुमॅटॉइड.

तिसरं फोनवर सांगायला सगळ्यात अवघड. अँटी-सीसीपी म्हणजे या रोगाचं आडनाव. माणूस कुठल्या घरातला ते आडनावावरून कळतं, आज त्याचं डोकं फिरलंय की तो शांत बसलाय ते कळत नाही. औषध सुरू झालं की दाह उतरतो, ईएसआर उतरतो, बोटं उघडतात. प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी मात्र अस्थिमज्जेत वर्षानुवर्षं ठाण मांडून असतात आणि आपलं काम करत राहतात. आरए फॅक्टर उपचाराने काहीसा खाली येतो, सीसीपी त्याहून कमी. पण त्यांचं उतरणं आणि सांध्यांचं निवळणं यांचा मेळ एकेका माणसात घालता येत नाही. उलटही खरं. आम्सटरडॅमच्या रक्तपेढीत जपून ठेवलेले जुने नमुने २००४ मध्ये तपासले, तेव्हा पुढे संधिवात झालेल्या जवळपास निम्म्या रक्तदात्यांत ही प्रतिपिंडं त्रास सुरू होण्याआधीच सापडली, सरासरी साडेचार वर्षं आधी. प्रतिपिंडं होती, सांधे ठणठणीत होते.

मग लगेच पुढचा प्रश्न येतो, “मग माझ्या मुलीचंही करून टाका ना.” सांधे दुखत नसताना, सूज नसताना केलेल्या पॉझिटिव्ह रिपोर्टचं करायचं काय, याचं उत्तर दवाखान्यात कुणाकडे नाही. मुलीला सकाळी बोटं धरतात का, ते बघत राहा, धरली तर लगेच घेऊन या, एवढंच सांगते.

फोन ठेवला की डबा. आज डब्यात मेथी होती.

दुपारी २

दुपारची ओपीडी. इथे मी लिहायला बसते, कारण डॉक्टरांचे दोन्ही हात पेशंटच्या हातात असतात.

अठ्ठावीस सांधे: दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, बोटांच्या मुळाचे दहा, बोटांच्या मधले दहा, दोन गुडघे. प्रत्येक सांधा किती दाबायचा, तर दाबणाऱ्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेपर्यंत. त्याहून हलकं दाबलं तर दुखणं सुटतं, जास्त दाबलं तर निरोगी सांधाही ओरडतो. मग त्याच सांध्यावर दोन्ही हातांचे अंगठे ठेवून सूज चाचपायची. सूज असली की हाडाच्या कडेऐवजी काहीतरी लिबलिबीत लागतं. “उजवं मनगट दुखरं, सूज आहे. दुसरं मूळ, दुखरं, सूज आहे. तिसरं मूळ, दुखरं, सूज नाही.” मी टिकल्या मारत जाते. बोटांच्या टोकाचे सांधे यादीत नाहीत. तिथे बहुतेक वेळा वयाची झीज असते.

पायही यादीत नाहीत, आणि यावर माझं डॉक्टरांशी पटत नाही. निम्म्या बायकांचं दुखणं तळपायाच्या पुढच्या भागात असतं, सकाळी फरशीवर पहिलं पाऊल टाकताना गोटे टोचावेत तसं. या अठ्ठावीस सांध्यांवरून आजाराचा जोर काढायचं सूत्रही नायमेगेनचंच, १९९५ सालचं. पायांना सूज इतर कारणांनीही येते आणि मोजायला वेळ लागतो, म्हणून त्यात पाय वगळलेले आहेत. डॉक्टर पाय बघतात, वेगळं लिहितात, पण बेरजेत धरत नाहीत. आषाढीच्या आधी आळंदी ते पंढरपूर चालू का, असं विचारणाऱ्या काकांना बोटांवरून उत्तर कसं देणार?

मग पेशंटचा स्वतःचा आकडा. शून्य ते शंभरची रेघ पुढे करायची आणि ‘आजाराचा त्रास कितीपत वाटतो’ तिथे खूण करायला सांगायचं. इथे एक गंमत नेहमी होते. आपल्याकडे शंभर म्हणजे पहिला नंबर. ज्याला बरं वाटतंय तो खुशीत नव्वदवर खूण करतो. म्हणून मी आता आधीच सांगते, “काका, इथं शंभर म्हणजे नापास.” तरीही काही बायका सुजलेलं मनगट पदराआड धरून दहावर खूण करतात आणि म्हणतात, “बरंय की.” त्यांच्या बाबतीत मी सकाळी फॉर्मच्या कडेला लिहिलेलं डॉक्टरांपुढे सरकवते.

दुखरे सांधे, सुजलेले सांधे, ईएसआर आणि हा आकडा, चौघांचा मिळून डास-२८ निघतो. २.६ च्या खाली आजार शांत, ३.२ पर्यंत कमी, ५.१ पर्यंत मध्यम, त्यापुढे जोरात. या सूत्रात अँटी-सीसीपीला जागाच नाही.

आज लागोपाठ दोघी आल्या. पहिल्या शिक्षिका. पाच वर्षांपूर्वीचं अँटी-सीसीपी ३०० च्या वर. आज दुखरा सांधा एक, सुजलेला एकही नाही, ईएसआर १२, स्वतःचा आकडा १०. डास २.४. फळ्यावर लिहिताना हात दुखत नाही म्हणाल्या. पण हातात नवा रिपोर्ट, दुसऱ्या लॅबमधून स्वतःहून केलेला, ३४० चा. त्यामुळे चेहरा उतरलेला. डॉक्टरांनी औषध जराही वाढवलं नाही, तेव्हा जरा नाराजच झाल्या.

त्यांच्यामागे सकाळच्या मावशी. आरए निगेटिव्ह, सीसीपी निगेटिव्ह. गावाकडे ‘रिपोर्ट नॉर्मल, वातबित काही नाही’ म्हणून वर्षभर वेदनाशामक गोळ्यांवर ठेवलेल्या. दुखरे ९, सुजलेले ४, ईएसआर ६०, स्वतःचा आकडा ६०. डास ५.९५. एक्स-रेत मनगटाच्या हाडाची कड खाल्लेली. ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांत साधारण चौघांत एक असा निगेटिव्ह असतो, आणि नॉर्मल रिपोर्टच्या भरवशावर सगळ्यात उशिरा तोच येतो. मावशींचं औषध आजच सुरू झालं.

मोठ्या आकड्याला काहीच अर्थ नाही, असंही नाही. ज्यांचं सीसीपी जोरदार पॉझिटिव्ह, त्यांची हाडं खाल्ली जाण्याचा धोका जास्त. अंगावर गाठी, फुप्फुसांचा त्रास हेही त्यांच्यात जास्त दिसतं. आजार शांत झाला म्हणून औषध बंद केलं तर तो उलटण्याची भीतीही त्यांना जास्त. शिक्षिकाबाईंना डॉक्टर हेच सांगत होते, की तुमचे गोळ्या कमी करण्याचे दिवस आले तर घाई करायची नाही. हे सगळं पहिल्याच रिपोर्टात कळलेलं असतं. त्यासाठी तो पुन्हा करावा लागत नाही.

पाच वाजता

औषधाच्या खिडकीजवळ माझं शेवटचं काम. संधिवाताचं औषध मेथोट्रेक्सेट नव्याने सुरू झालेल्या प्रत्येकाशी बोलायचं. ही गोळी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या एकाच वारी. बाकी गोळ्या रोज असतात, त्यामुळे हीही रोज घेतली जाण्याचा धोका असतो आणि तसं घडलं तर तोंडात फोड, पांढऱ्या पेशी कोसळणं, प्रसंगी मृत्यू. मी पाकिटावर मार्करने वार लिहिते. मावशींनी गुरुवार निवडला, दत्ताचा वार लक्षात राहतो म्हणून. मग तेच वाक्य सुनेकडून म्हणवून घेतलं, कारण गोळ्या तीच काढून देणार. फॉलिक अॅसिडचा वार वेगळा लिहिला.

आणि कागदावर पुढच्या तपासण्या: सीबीसी, एसजीपीटी, क्रिएटिनिन, ईएसआर. मेथोट्रेक्सेटवर या तपासण्या चुकवून चालत नाही. यकृत आणि रक्तपेशींवर होणारा परिणाम त्यांतच दिसतो. पण या ‘साध्या’ म्हणून टाळल्या जातात आणि जे पैसे वाचतात, त्यात आणखी भर घालून सीसीपी पुन्हा केली जाते.

साडेसहा

सीरमच्या उरलेल्या कुप्या उणे वीसमध्ये. सुया पांढऱ्या डब्यात, नळ्या लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्यात. प्लेटचा ग्राफ कॅलिब्रेशनच्या वहीत चिकटवला. उद्या एलायझा नाही.

संधिवाताच्या दवाखान्यात येणाऱ्यांना एक विनंती. अँटी-सीसीपी किंवा आरए फॅक्टर एकदा पॉझिटिव्ह आलेला असेल, तर तो कागद जपून ठेवा, त्याची झेरॉक्स फाइलला लावा आणि डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्याशिवाय ती तपासणी पुन्हा करू नका. निगेटिव्ह आलेला असेल आणि बोटं सकाळी तासभर वळत नसतील, तर त्या रिपोर्टवर विसंबून घरी थांबू नका. सीबीसी आणि एसजीपीटी मात्र ठरल्या तारखेला करा. आणि येताना चहा पिऊन या.